रक्तदाब असलेल्या माणसासाठी जंबालाया: मीठ कुठे कापायचं, चव कुठून आणायची

जंबालायाच्या एका ताटात माणसाचं दिवसभराचं मीठ असू शकतं. माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, लुईझियाना राज्यातल्या बॅटन रूजला आले, तोवर मला याचा पत्ताच नव्हता. बाबांचं वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबाची जुनी तक्रार, त्यातून मूत्रपिंडंही थोडी थकलेली. डॉक्टरांनी सोडियमची मर्यादा घालून दिली होती: दिवसाला १५०० मिलिग्रॅम. मी घरचं वरण-भात-भाजी अळणीच्या जवळ आणून ठेवली होती. पण लुईझियानात येऊन जंबालाया न खाता परत जायचं हे बाबांच्या मनाला पटेना. म्हणून मी 'कमी सोडियमचा' लिहिलेला स्टॉकचा, म्हणजे मांस-भाज्या उकळून गाळलेल्या पाण्याचा, डबा आणला, टर्कीचं सॉसेज आणलं आणि करून वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रावर वरचा आकडा १६२ आला. आदल्या आठवडाभर तो १३५ च्या आसपास होता.

त्या दिवशी मी कचऱ्याच्या डब्यातून सगळी वेष्टनं बाहेर काढली आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. हा लेख त्या हिशेबातून आणि नंतरच्या सात-आठ प्रयत्नांतून आला आहे. घरात कुणाला मीठ कमी करायला सांगितलं असेल आणि तरी हा पदार्थ खऱ्या चवीचा करायचा असेल, तर तुमच्यासाठी आहे. जंबालाया कधीच केला नसेल तरी चालेल.

आधी पदार्थ ओळखून घ्या

जंबालाया म्हणजे मांस, भाज्या आणि तांदूळ एकाच भांड्यात शिजवून केलेला लुईझियानाचा भात. त्याच्यात स्पॅनिश पाएयाचा अंश आहे, पश्चिम आफ्रिकेच्या जोलोफ भाताचा आहे आणि फ्रेंच स्वयंपाकाचाही आहे. त्याचे दोन मोठे प्रकार. न्यू ऑर्लिन्सकडचा क्रिओल जंबालाया टोमॅटो घालून लाल करतात. ग्रामीण भागातल्या केजन लोकांचा, म्हणजे १७५५ पासून कॅनडातून हाकलले गेलेल्या अकेडियन फ्रेंचांच्या वंशजांचा, तो तपकिरी. त्यात टोमॅटो नसतो आणि रंग येतो तो मांस आणि कांदा खरपूस भाजल्याने.

आपण तपकिरी करायचा. एक तर डबाबंद टोमॅटोत बहुतेक वेळा मीठ असतं. दुसरं, टोमॅटोत पोटॅशियम बरंच असतं आणि ज्यांची मूत्रपिंडं कमजोर आहेत त्यांना ते जपून घ्यावं लागतं. तिसरं आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण म्हणजे तपकिरी जंबालायाची चव मुळात मिठावर उभी नाही.

हे मला शिकवलं शेजारच्या काकांनी. ते गोन्झालेसचे, आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. १९६८ साली राज्याचे गव्हर्नर जॉन मॅककीथन यांनी या गावाला 'जगाची जंबालाया राजधानी' म्हणून जाहीर केलं. तिथे दरवर्षी लाकडाच्या जाळावर, बिडाच्या प्रचंड कढयांमध्ये जंबालाया करण्याची स्पर्धा भरते. काका चर्चच्या जेवणासाठी दीडशे माणसांचा जंबालाया करतात आणि त्यात स्टॉक नाही, साधं पाणी घालतात. मी बाबांच्या रक्तदाबाचं सांगितल्यावर ते म्हणाले, "भांड्याच्या तळाला काय चिकटतं त्याच्याकडे बघ. पाण्यात चव शोधू नकोस."

मीठ कुठे लपलेलं असतं

माझा कागदावरचा हिशेब असा होता. सहा माणसांच्या नेहमीच्या जंबालायाला अर्धा किलोच्या आतबाहेर सॉसेज लागतं. त्याच्या वेष्टनावर ५६ ग्रॅममागे ५०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम लिहिलेलं असतं, म्हणजे एकूण साधारण ४०००. चार कप तयार स्टॉक, कपाला ८५० धरलं तर ३४००. तयार क्रिओल मसाल्याचा एक मोठा चमचा: पाव लहान चमच्याला ३५० या दराने ४२००. चिकनचं स्वतःचं सहाशे-साडेसहाशे. बेरीज बारा हजारांच्या वर गेली. सहाने भागलं तर माणशी २००० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसासाठी २००० पेक्षा कमी घ्या म्हणते, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. आणि या सगळ्यात मी वरून मिठाचा एक कणही घातलेला नव्हता!

म्हणून खरेदीला जाल तेव्हा चार गोष्टी बघा.

स्टॉकच्या डब्यावरचे शब्द नीट वाचा. अमेरिकेत 'लो सोडियम' लिहायचं असेल तर एका वाढपात १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असावं लागतं. 'रिड्यूस्ड सोडियम' किंवा 'लेस सोडियम' याचा अर्थ फक्त एवढाच की नेहमीच्या मालापेक्षा किमान पंचवीस टक्के कमी. मी फसले ती इथेच. आठशेचे सहाशे झाले तरी ते सहाशेच. 'नो सॉल्ट अ‍ॅडेड' लिहिलेला मिळाला तर घ्या, नाहीतर घरी करा किंवा काकांसारखं पाणी वापरा.

चिकनचं वेष्टन उलटून बघा. बारीक अक्षरात 'पंधरा टक्क्यांपर्यंत द्रावण' असं काही लिहिलेलं असेल तर त्या चिकनमध्ये खारं पाणी भरलेलं आहे. साध्या चिकनला ११० ग्रॅममागे ७५ ते १०० मिलिग्रॅम सोडियम असतं, द्रावण भरलेल्याला त्याच्या दुप्पट किंवा जास्त. गोठवलेल्या कोळंबीचंही तसंच: घटकांत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट दिसलं तर ती ठेवून द्या.

क्रिओल मसाला विकत आणू नका. घरी दोन मिनिटांत होतो, खाली दिलाय.

आणि चौथी गोष्ट, जी कळकळीने सांगते. मिठाला पर्याय म्हणून मिळणारी बरीचशी पांढरी पूड पोटॅशियम क्लोराइडची असते. काही 'मीठविरहित' मसाल्यांतही ती घातलेली असते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना, किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधं चालू असणाऱ्यांना, तिने रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. बाबांच्या डॉक्टरांनी ती साफ नको म्हणून सांगितलं. तुमच्या माणसाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घरात आणू नका.

सहा माणसांचं सामान

इथला कप २४० मिलीचा आहे, आपली आमटीची वाटी नव्हे.

चिकनच्या मांड्या, हाडं काढलेल्या, कातडी काढलेल्या: ७०० ग्रॅम
टर्कीचं किंवा चिकनचं धुरावलेलं सॉसेज: १२० ग्रॅम
मोठे कांदे: ३
हिरवी ढोबळी मिरची: १
सेलरीचे दांडे: २
लसूण: ६ पाकळ्या
लांब दाण्याचा पांढरा तांदूळ: २ कप
पाणी किंवा बिनमिठाचा घरचा स्टॉक: साडेतीन कप
तेल: ३ मोठे चमचे
तमालपत्र: २
मीठ: अर्धा लहान चमचा, सुरीने सपाट केलेला
कांद्याची पात मूठभर, एक लिंबू

मसाला: स्मोक्ड पॅप्रिका दीड लहान चमचा, काळी मिरी पूड एक, पांढरी मिरी पूड अर्धा, कायेन किंवा कोणतंही तिखट अर्धा, लसणाची पूड एक, वाळलेलं थाइम एक. सगळं एकत्र करून ठेवा. थाइम नसेल तर ओव्याच्या दोन चिमटी चुरडून घाला. दोघांच्या वासामागे थायमॉल हेच द्रव्य आहे, म्हणून ओवा इथे परका वाटत नाही. गरम मसाला मात्र नको. लवंग-दालचिनी पडली की त्याचा पुलाव होतो, आणि पुलाव आपल्याला करता येतोच.

जंबालायात एरवी घालतात ते अस्सल आंदुई सॉसेज डुकराच्या मांसाचं असतं. आमच्याकडे ते चालत नाही, म्हणून टर्की. मिठाच्या दृष्टीने दोघांत फार फरक नाही, त्यामुळे 'टर्की म्हणजे पथ्याचं' असं समजू नका. कमी करायचं ते प्रमाण. एवढंसं सॉसेज बारीक चिरलं की प्रत्येक घासात त्याचा वास येतो.

तांदळाबद्दल एक शब्द. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी वापरलात तर खिचडी होईल. लुईझियाना स्वतः तांदूळ पिकवणारं राज्य आहे, इथला साधा लांब दाणा उत्तम. भारतात असाल तर जुना बासमती चालेल, पाणी पाव कप कमी करा.

भाजणं: सगळी चव इथे आहे

बिडाचं जाड बुडाचं भांडं घ्या. नॉनस्टिक नको, कारण आपल्याला चिकटायलाच हवंय. चिकनचे दोन इंचांचे तुकडे करा आणि कागदाने टिपून अगदी कोरडे करा. ओलं चिकन भाजत नाही, उकडतं. अर्धा मसाला चोळा. मीठ अजून नाही.

तेल चांगलं तापलं की तुकडे एकमेकांना न चिकटता ठेवा. भांड्यात गर्दी होत असेल तर दोन वेळा करा. आणि मग हात लावू नका. पहिल्या प्रयत्नात मी दर मिनिटाला हलवत होते, आपली परतायची सवय. चार-पाच मिनिटांनी तुकडा आपणहून तळ सोडतो, तेव्हाच उलटा. दोन्ही बाजू गडद तपकिरी झाल्या की काढून ठेवा. आतून कच्चं राहिलं तरी काळजी नको, पुढे शिजणार आहे.

आता भांड्याच्या तळाकडे बघा. तिथे एक तपकिरी थर बसलेला असेल, दुधाच्या पातेल्याला खरवड धरते तसा. लुईझियानात याला ग्रातां म्हणतात. काळा झाला असेल तर कडू होईल. तपकिरी असेल तर तेच तुमचं धन. त्यात सॉसेज टाका, तीन-चार मिनिटं परता, काढून ठेवा.

मग फक्त कांदा. इथले लोक कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची या तिघांना 'होली ट्रिनिटी' म्हणतात आणि बरेचजण तिन्ही एकदम घालतात. मी कांदा आधी एकटा घालते, कारण मिरची आणि सेलरीला पाणी फार सुटतं आणि कांद्याला रंग यायचा राहून जातो. कांद्याला सुटणाऱ्या पाण्याने तळाची खरवड मोकळी होऊ लागेल, लाकडी कालथ्याने ती खरडून घ्या. कांदा सुकला, पुन्हा तळाला धरू लागला, की दोन चमचे पाणी शिंपडा आणि पुन्हा खरडा. हे चार-पाच वेळा करायचं. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. दर वेळी कांद्याचा रंग एक छटा पुढे जातो: आधी मळकट पिवळा, मग मधासारखा, शेवटी चिंचेच्या कोळासारखा. तिथे थांबा.

ही पंचवीस मिनिटं वाचवायची नाहीत. मिठाचा डबा बंद ठेवून जी चव गमावली असती, ती इथे परत मिळते. मी घाईत दहा मिनिटांत उरकलं त्या दिवशी बाबा काही बोलले नाहीत, पण लोणच्याच्या बरणीकडे हात गेला. त्यावरून मला काय ते कळलं.

कांदा झाला की सेलरी, ढोबळी मिरची पाच-सात मिनिटं, शेवटी लसूण आणि उरलेला मसाला एक मिनिट.

तांदूळ घालणं आणि न ढवळणं

चिकन, सॉसेज, तमालपत्र परत भांड्यात घाला. पाणी ओता, तळ एकदा नीट खरडा, उकळी आणा. आता ते अर्धा चमचा मीठ घाला आणि दहा मिनिटं बारीक उकळू द्या. पाणी कॉफीसारखं गडद दिसलं पाहिजे. चमचाभर चाखा. तिखट, खमंग लागेल आणि मीठ थोडं कमी. ते तसंच असू द्या.

तांदूळ घाला, एकदा हलवा, आच मोठी. पाच-सहा मिनिटांत पाणी तांदळाच्या पातळीला येतं आणि वर बारीक भोकं पडू लागतात. झाकण घट्ट लावा, आच अगदी मंद. बारा मिनिटं झाकण उघडायचं नाही.

मग एकदाच उघडून भात 'रोल' करायचा. गोन्झालेसचे लोक ढवळत नाहीत. कालथा कडेने तळापर्यंत घालून खालचा भात अलगद वर आणतात, भांड्याच्या चारी बाजूंनी, बस. ढवळलं की दाणा मोडतो आणि चिकट लगदा होतो. पुन्हा झाकण, आणखी दहा मिनिटं. गॅस बंद करून दहा मिनिटं मुरू द्या. चिकनच्या आत तापमापक घालून बघायची सवय असेल तर ७४ अंश सेल्सिअस हवं. एवढा वेळ शिजलेल्या मांडीच्या तुकड्यांना ते सहज मिळतं.

सॉसेजशिवाय करायचा असेल तर धुंगार

काही जणांची मर्यादा आणखी कडक असते. मग सॉसेज पूर्ण काढा. त्याच्या जागी शंभर ग्रॅम मश्रूम बारीक चिरून चिकननंतर त्याच तेलात तांबूस होईपर्यंत भाजा. धुराचा वास येण्यासाठी आपल्याकडचा जुना उपाय इथे चपखल बसतो. भात तयार झाला की मध्ये एक छोटी स्टीलची वाटी बसवा, तिच्यात करवंटीचा रसरशीत निखारा ठेवा, वर तेलाचे चार थेंब आणि कांद्याचं एक साल टाका आणि लगेच झाकण लावा. तीन मिनिटं पुरे, पाच झाली तर भात कडवट होतो. हे दाराबाहेर, मोकळ्या हवेत करा. मी अंगणात केलं तेव्हा काका कुंपणापलीकडून वास घेत आले, झाकण उघडल्यावर वाकून वाटी बघितली आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी निखारा कसा फुंकायचा हे बाबांनी त्यांना हातवारे करून समजावलं. काकांच्या पुढच्या खेपेला करवंट्या आम्ही पुरवल्या.

वाढताना

ताटात भात घेतल्यावर वरून लिंबू पिळा आणि पात भुरभुरा. आंबटपणामुळे जिभेला मीठ आहे त्यापेक्षा जास्त वाटतं. लिंबू आधी घालू नका, शिजताना त्याचा तजेला जातो.

तिखट सॉस हवा असेल तर लेबल बघून. टबॅस्को हा लुईझियानाचाच, १८६८ पासून एव्हरी आयलंडवर तयार होतो. गंमत अशी की ती जागा मुळात मिठाच्या प्रचंड डोंगरावर वसलेली आहे, पण सॉसमध्ये लहान चमच्याला फक्त ३५ मिलिग्रॅम सोडियम. इतर काही सॉसमध्ये तेवढ्याच चमच्याला २०० च्या घरात असतं.

घरातल्या बाकीच्यांसाठी वेगळं भांडं लावू नका. मी सुरुवातीला दोन करत होते, आणि बाबा आपलं ताट उचलून टेबलाच्या टोकाला जाऊन बसायचे. एकच करा. ज्यांना हवं त्यांनी ताटात वरून चिमूटभर मीठ घ्यावं. वर भुरभुरलेलं मीठ थेट जिभेला लागतं, त्यामुळे शिजवताना घातलेल्यापेक्षा कमी पुरतं.

या प्रमाणात माझा हिशेब असा येतो: सॉसेजचे १०७०, मिठाचे ११५०, चिकनचे साडेसहाशे, सेलरीसारख्या किरकोळ गोष्टींचे थोडे. माणशी ५०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे बाबांच्या दिवसाचा एक तृतीयांश वाटा. सॉसेज काढलं तर तीनशेच्या थोडं वर. तुमच्या वेष्टनांवरचे आकडे वेगळे असतील, तेव्हा एकदा स्वतः बेरीज करून फ्रिजवर चिकटवा. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की तेवढं मीठ झालं. ज्या दिवशी रात्री जंबालाया असतो त्या दिवशी आमच्याकडे पापड, लोणचं आणि ब्रेड नसतो. ब्रेडमध्येही मीठ असतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

उरला तर दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. शिजलेला भात बाहेर राहिला तर बाधतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, मंद आचेवर दहा मिनिटं गरम करा. मसाला रात्रभर मुरल्याने तो आदल्या दिवसापेक्षा चवदार लागतो, म्हणून बाबा हल्ली रात्री मुद्दाम अर्धी वाटी बाजूला काढून ठेवायला सांगतात, सकाळच्या ताज्या, बिनमिठाच्या दह्याबरोबर खायला.